उशिरा आणलेली लस

पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी भाईंदर पश्चिमेला छोटा दवाखाना टाकला, तेव्हा दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. येणारे बहुतेक सोसायट्यांमधले कुत्रेवाले. त्यामुळे जवळच्या मुर्धा गावाहून एक ख्रिस्ती मावशी डुकराच्या पिल्लांसाठी बोलवायला आल्या, तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांनी नाकं मुरडली. मलाही अवघडल्यासारखं झालं, हे कबूल करते.

मावशी एकट्या राहायच्या. घरामागच्या विटांच्या आडोशात एक डुकरीण आणि तिची दीड महिन्याची नऊ पिल्लं. हॉटेलातलं उष्टं आणून त्या चुलीवर चांगलं उकळायच्या, मगच घालायच्या. वसईकडे डुकरांना ताप आलाय असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"डाक्टर, टोचायचं ते आताच टोचा. मागं शेजारणीची सगली गेली."

हा ताप विषाणूचा, न उकळलेल्या उष्ट्यातूनही येतो. एकदा शिरला की त्यावर औषध नाही, आधी दिलेली लस तेवढी वाचवते. डुकरिणीला लस कधी टोचलेली नव्हती, म्हणजे दुधातूनही पिल्लांना संरक्षण मिळालेलं नसणार. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण लस पुण्याहून, बर्फात ठेवून, स्वतः जाऊन आणावी लागे. अख्खा दिवस मोडणार. नऊ डुकरांसाठी एवढं कोण करणार, असं मनात आलंच.

बॅगेत प्रतिकारशक्ती वाढवणारं इंजेक्शन होतं. लसीच्या जोडीने दिलं तर लसीला जोर येतो, असं आम्हाला शिकवलेलं. एकट्याने ते ताप अडवेल याचा काही भरवसा नव्हता. तरी मी ते नऊ पिल्लांना टोचलं. काहीच न करता निघणं बरं दिसेना.

"आता ताप येनार न्हाय ना?"

"ताकद येईल, मावशी. लस पुढच्या आठवड्यात आणते. काळजी करू नका."

पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचाही. कधी एखाद्या कुत्रीचं अडलेलं वेत, कधी आमच्याकडे पाहुणे. खरं कारण कंटाळा.

तिसऱ्या आठवड्यात मावशी रिक्षा करून आल्या आणि मला तशीच घेऊन गेल्या. पिल्लं कोपऱ्यात एकावर एक पडली होती. डोळे चिकटलेले, कानांवर जांभळे डाग. एक उठायला गेलं तर त्याचे मागचे पाय लटपटले. चूल थंड दिसली.

"उष्टं उकळता ना?"

"तुमी बोललात काळजी नको. मग लाकडं कशाला जालू?"

दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवून मी पुण्याला गेले आणि संध्याकाळी लस घेऊन परत आले. इतकंच काम होतं ते. ताप नसलेल्या चार पिल्लांना आणि डुकरिणीला टोचलं. आजारी पाच तर गेलीच, पण टोचलेल्यांतलीही दोन आठवडाभरात गेली. गावात बोलणं झालं की डॉक्टरणीच्या सुईने मेली. विषाणू त्यांच्यात आधीच शिरला होता, लसीला काम करायला दिवस लागतात, असं मी दारोदार सांगत राहिले. कुणी ऐकलं नाही.

मावशींनी मात्र माझी बाजू घेतली. "ही दोन जगली ना, ती तुमच्या ताकदीच्या सुईनं."

तसं नाही, हे तिथेच सांगायला हवं होतं. पण इतके दिवस बोलणी खाल्ल्यावर एक चांगला शब्द कानावर पडला होता. "असेल," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी डुकरीण पुन्हा व्यायली. या वेळी मी न बोलावता, वेळेवर लस घेऊन गेले. मावशी आडोशाच्या दारात उभ्या राहिल्या.

"ही न्हाय. ही मारते. ताकदीची द्या."

मी पायरीवर बसून सगळं समजावलं. ते इंजेक्शन एकटं पुरत नाही, दोन पिल्लं कशी वाचली ते मलाही नक्की ठाऊक नाही, हेही सांगितलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तवा का न्हाय बोललात?"

मी बर्फाचा डबा उचलून परत आले. लस बर्फातच राहिली, दुसऱ्या दिवशी फेकून दिली. त्या वर्षी गावात ताप आला नाही, लसीवाचूनच पिल्लं जगली आणि मावशींचा समज आणखी पक्का झाला. नंतर डुकरं पाळणारी आणखी दोन-तीन घरंही माझ्याकडे ताकदीचीच सुई मागू लागली. मी नकार दिला, तर त्यांनी बोलावणंच बंद केलं.

काही वर्षांनी मावशींची जागा बिल्डरने घेतली आणि त्या मुलीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी घरच्या चिंचेची पिशवी घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. "तुमी होतात म्हनून दोन तरी राहिली," असं म्हणत त्यांनी माझा हात धरला. पुण्याला जायचा मला कंटाळा आला होता, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, मुलीच्या घराची चौकशी केली. चहा संपला आणि त्या निघाल्या.