एका नावाचे दोन उमेदवार

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण हे एक अजून मनातून जात नाही. नव्वदच्या दशकात मी मुरबाड पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. मुंबईतल्या एका कार्यालयाचं पत्र आलं. टोकावड्याजवळच्या वाडीतला एक तरुण तिथल्या भरतीला गेला होता. पण त्याच नावाचा, त्याच जन्मतारखेचा, त्याच शाळेचा माणूस त्यांच्याकडे दोन वर्षांपासून नोकरीत होता. सबब नव्या उमेदवाराचे दाखले बनावट असावेत, चौकशी व्हावी.

त्या तरुणाला बोलावलं. आश्रमशाळेत दहावी झालेला, अंगात धुवट सदरा. तो म्हणाला, "साहेब, मी खोटा नाय. माजं नाव कोणीतरी घेतलंय."

हवालदार हसला. जबाब घेताना जन्मतारीख सांगायलाच तरुणाने वेळ लावला. "गुरुजींनी घातलेली हाय, दाखल्यावर बघून सांगतो." शाळेतला रजिस्टर नंबर तर त्याला ठाऊकच नव्हता. माझं मत तिथेच त्याच्या विरुद्ध झुकलं, हे कबूल करतो.

पुढच्या आठवड्यात दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं. तरुणाबरोबर त्याची आई आली होती. त्याला मी आतल्या खोलीत बसवलं. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली. थोड्या वेळाने नोकरीतला माणूस आला आणि त्याच बाकावर बसला. तासाभराने त्याला आत घेतलं. जन्मतारीख, रजिस्टर नंबर, आईवडिलांची नावं, सगळं त्याने एका दमात सांगितलं. दाखल्यांवर तेव्हा फोटो नसे. कागद दोघांचेही खरे दिसत होते.

मी विचारलं, "आई कुठे असते?"

"गावी, वाडीवर."

"शेवटची भेट कधी झाली?"

"शिमग्याला गेलो होतो, साहेब."

"आज नाही भेटलास?"

"नाही. थेट इकडेच आलो."

"मग बाहेर तासभर तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

त्याने दाराकडे पाहिलं. बाई अजून बाकावरच होती. त्याने पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायला आणि मग सांगायला लागला.

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एका माणसाकडून त्याने हे नाव विकत घेतलं होतं. वाडीतल्या तरुणाने जातीच्या दाखल्यासाठी आपली कागदपत्रं त्याच अर्जलेखकाकडे आठ दिवस ठेवली होती. कागद परत मिळाले, म्हणून संशय आला नाही. मधल्या काळात अर्जलेखकाने त्याच्या नावाने शाळेत अर्ज केला: दाखला हरवला, दुय्यम प्रत मिळावी. शाळेच्या फाइलीत तो अर्ज सापडला, अक्षर अर्जलेखकाचंच. त्याच्या घरझडतीत ट्रंकभर लोकांचे दाखले आणि रेशनकार्डांच्या नकला निघाल्या. तोतयेगिरी आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवून दोघांना अटक केली.

पण तरुणाचे अस्सल दाखले आता मुद्देमालात सीलबंद झाले. महिन्याभराने तो आला. "चोर घावला साहेब, पन कागद माज्याजवल नायच." पुढच्या भरतीची जाहिरात लागली होती. दाखले परत द्यायला हरकत नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला. ते जातमुचलक्यावर त्याला मिळाले. वयाची मर्यादा संपता संपता तो नोकरीला लागला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. ज्याचं नाव खरं असतं, तो ते पाठ करत नाही. चोर मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ करून येतो. यानंतर मी जिथे होतो तिथे प्रत्येक नकलेवर ती कशासाठी घेतली ते आडवं लिहायला लावलं, आणि अस्सल कागद त्याच दिवशी परत देत गेलो.

त्या चौकशीच्या दिवशी संध्याकाळी त्या माउलीला दिवसभर ताटकळत ठेवल्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली. तिने शांतपणे विचारलं, "त्या मानसाला माजं नाव कोनी सांगलं? मना वाडीतपन कोन नावानं हाक मारीत नाय. ह्याची आय, इतकंच म्हंतात."

"कागदावरून," मी म्हणालो, आणि टेबलाकडे वळलो. सकाळी घेतलेला, तिचं नाव, पत्ता, वय लिहिलेला तिचा जबाब माझ्या टेबलावर उघडाच पडला होता, आणि सकाळपासून कामासाठी आलेला प्रत्येक माणूस त्याच्यावरून नजर टाकून गेला होता.