चिमीचा सोमवार

कस्तुराबाईंच्या मेसमध्ये अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. क्लाससाठी लातुरात आलेल्या आम्ही मुली त्यांच्याकडेच राहायचो, जेवायचो आणि त्यांच्या मांजराला गुपचूप हसायचो. कारण चिमी सोमवार धरायची. म्हणजे बाई तिला धरायला लावायच्या. एरवी दूध-भाकरी, सोमवारी नुसतं दूध. "माझ्या चिमीला मासळीचा वाससुद्धा सोसत न्हाई," असं त्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगत. मांजराला विचारलं होतं कुणी?

भूकंपात बाईंचं गावाकडचं घर बसलं. नवरा आधीच वारला होता. त्या पहाटे एकुलती लेक उज्वलाही गेली. दगडमातीतून जिवंत निघालं ते फक्त उज्वलाचं मांजराचं पिल्लू. तीच ही चिमी. त्याला पदरात घेऊन बाई लातूरला आल्या आणि पोळ्या लाटून जगू लागल्या.

माझ्या बारावीच्या वर्षी एका सोमवारी सकाळी चिमी चालता चालता पोळपाटावर आपटली, मग दाराच्या चौकटीवर. बाईंनी तिच्या डोळ्यांपुढं लाटणं फिरवलं. पापणी हलली नाही.

मी आणि बाई रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. देवणी बैल घेऊन आलेली माणसं मांजर बघून दात काढू लागली. एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

"काय घालता हिला?" डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी अभिमानानं सांगितलं.

डॉक्टर चिडलेच. "अहो, मांजर आहे ते! मांस-मासळीतून जे मिळतं त्यावर तिचे डोळे आणि हृदय चालतं. डोळे गेले, ते आता येणार नाहीत. हृदय अजून सावरेल, पण आजपासून खायला घाला. नाहीतर ही जगत नाही."

परत आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते मीच शेजारी सांगितलं. शेजारच्या पंचफुलाकडं चूल मांसाहारी. ती आपण होऊन म्हणाली, "माझ्याकडं ठिवा, अक्का. मी सुकट घालते. तुमचं घर बाटायला नगं." बाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मला राग आला.

दिवेलागणीला पंचफुला चिमीला घेऊन परत आली. दुसऱ्या हातात भिजवलेल्या सुकटीची वाटी. "खाटंखाली बसली ती बसलीच. माझ्या हातचं खात न्हाई. लई धाप लागलीय, अक्का."

वाटी उंबऱ्याबाहेरच राहिली. चिमीचं पोट भात्यासारखं हलत होतं. स्वयंपाकघरात वास शिरला, ताटावर बसलेल्या मुली एकमेकींकडं बघू लागल्या. बाई भिंतीला टेकून नुसत्या उभ्या.

"बाई, मरेल ती!" मी ओरडले.

"उज्वलानं घातली व्हती," बाई हळूच म्हणाल्या. "ह्याच पिल्लाला. शेजारून सुकट मागून, लपून. घर बाटवलं म्हणून मी तिला उपाशी झोपवलं. त्याच पहाटे घर बसलं."



बाईंनी वाटी उचलली, उंबरा ओलांडून आत आणली आणि चुलीपाशी फतकल मारून बसल्या. चिमीला मांडीवर घेतलं. चिमटीभर सुकट तिच्या नाकापाशी धरली. चिमीनं हुंगलं, जीभ लावली, मग बोटांसकट चावून खाऊ लागली. बाईंनी हात मागं घेतला नाही.

"खा गं उज्वला," त्या म्हणाल्या. "पोटभर खा."