कुंतीभोवतीची फेरी

आमच्या बडनेऱ्याच्या घरी अंगणाच्या मधोमध कुंतीचं झुडूप होतं. बारा महिने हिरवं, गच्च पानांचं, फार उंच न होणारं. ते तिथं आलं त्याला कारण माझी माय आणि तिच्या हातातला पाण्याचा तांब्या.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन घरी आले ते पक्का निश्चय करूनच. आधी देव्हारा निघाला, मग अंगणातली तुळस शेजारच्या काकूंकडे गेली आणि तिचा ओटाही बाबांनी खणून काढला. दीक्षा मायनंही घेतली होती, मनापासून घेतली होती. पण सवयीला कोण समजावणार? रोज सकाळी अंघोळ करून ती तांब्या घेऊन बाहेर यायची आणि रिकाम्या जागेशी थबकायची. आम्हा पोरांना हसू यायचं. बाबांना मात्र ते बघवत नसे.

एकदा अकोल्याहून येताना त्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्यातून कुंतीचं रोप आणलं आणि त्याच जागी लावलं. वर मायला बजावलं, "हा काई देव नोहे, झाड आहे. पानी घालाचं अन् घरात याचं."

मायनं मान डोलावली, पाणी घातलं आणि रोपाभोवती एक फेरी मारली.

"फेरी काहून मारून राहिली?" बाबा कडाडले.

"फेरी नाई. कीड पाहून राहिली."

रोपाला तेव्हा इनमीन चार फांद्या. त्यावरची कीड बसल्या जागी दिसली असती. पण माय एकदा बोलली की माघार नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खरोखरच गोल फिरत एकेक पान उलटून बघू लागली. बाबा दाराच्या पायरीवर बसून चहा पीत तिच्या पायांकडे संशयानं बघत राहायचे.

पावसाळ्यात रोप पिवळं पडलं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात मुळं कुजायला लागली होती. पिवळी पानं वेचता वेचता मायच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेबी गेलं तं सकायी उठून मी जाऊ कोठं?" असं ती स्वतःशीच म्हणाली. दारात उभ्या बाबांनी ते ऐकलं.

संध्याकाळी बाबा ड्यूटीवरून आले ते इंजिनातल्या जळक्या कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन. रोप अलगद काढलं, पाणी झिरपून जावं म्हणून खड्ड्यात तो कोळसा घातला, मातीत रेती आणि शेणखत मिसळलं आणि जरा उंचवट्यावर रोप पुन्हा बसवलं. माय शेजारी कंदील धरून होती. महिन्याभरात कोवळी, तकतकीत पालवी फुटली.

पुढं कुंती अशी बहरली की विचारू नका. पांढऱ्या फुलांचा घमघमाट थेट स्वयंपाकघरात यायचा. बुद्धाच्या तसबिरीपुढं वाटीभर फुलं ठेवली जायची. बहर ओसरला की बाबा कात्रीनं शेंडे छाटून तिला गोल आकार द्यायचे. लाल फळं लागली की बुलबुलांची चंगळ.

मग मावशीच्या बाळंतपणासाठी माय अकोल्याला गेली. जाताना बाबांना सांगून गेली, "पानाच्या खालून पाहत जा. मावा पसरला तं झाड जाईन."

सकाळी मी दारात आले तर बाबा हातात तांब्या घेऊन कुंतीभोवती फिरत होते. पण उलटे, मायच्या बरोबर विरुद्ध दिशेनं.

"बाबा, काय करून राहिले?"

"कीड पाहून राहिलो."

"मंग उलटे काहून?"

"सुलटा फिरलो तं ते फेरी होते," बाबा गंभीरपणे म्हणाले.

माय परतली तेव्हा मी चहाडी केलीच. तिनं आधी प्रत्येक पान तपासलं, मग पदर तोंडाला लावून पोट दुखेपर्यंत हसली.

त्यानंतर बाबांचीही सकाळची चक्कर सुटली नाही. माय सुलटी, बाबा उलटे, आणि झुडपामागं दोघं हटकून समोरासमोर.

"बाजूले व्हा," माय म्हणायची, "तुमी उलट्या लाइनीनं येऊन राहिले."

आणि जन्मभर गाड्यांना वाट करून देणारे माझे बाबा मुकाट्यानं बाजूला सरकून तिला पुढं जाऊ द्यायचे.