तीनातली खोटी बातमी

दादा गेल्यापासून पेपर घडी न मोडता रद्दीत जातो. बंद करायचं सुचत नाही, वाचायचं कारण उरलं नाही.

उमरेडला आमच्या वडिलांचा माग होता. ते खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणायला बसले की आम्हा दोघा भावंडांपैकी एकाने शेजारी बसून पेपर वाचायचा, असा घरचा रिवाज. दुपारी विणणाऱ्याला डुलकी येते, हात सवयीने चालू राहतो आणि काठ बिघडतो. म्हणून वाचणाऱ्याने मध्येच एक मनची बातमी घुसवायची. ती ओळखली की वडील मान वर न करता म्हणत, "तुटला." मागावरचा धागा तुटल्यावर म्हणतात तसं. काहीच बोलले नाहीत तर आईने चहा ठेवायचा.

पुढे माग गेला. दादा सरकारी कचेरीत लागला, मी कॉलेजात ग्रंथपाल झाले. तो नागपुरात महाल भागात राहायचा, मी सदरला. खेळ मात्र फोनवर चालू राहिला. सकाळी पेपर वाचून झाला की मी तीन बातम्या सांगायच्या, त्यांतली एक खोटी. खोटी आली की दादाही वडिलांसारखा "तुटला" म्हणायचा; तो चुकल्याचं मला आठवत नाही. खोटी बातमी फार नीटनेटकी असते, असं तो म्हणायचा. खरीत कुठेतरी काहीतरी उगाचच असतं.

अलीकडे मला खोटं रचणंच जमेना. एकाच पुलाचं दोन पक्षांनी दोन टोकांना उद्घाटन केलं, असं मी डोकं चालवून सांगावं आणि पंधरवड्यात तशीच बातमी छापून यावी. एका पुढाऱ्याने सकाळी पक्ष बदलला आणि संध्याकाळी तो परत आला. दोन्ही फोटोंत गळ्यातला हार तोच होता. बिबट्यासाठी पिंजऱ्यात बांधलेल्या बकरीला गावकऱ्यांनी इतकं खाऊ घातलं, की बिबट्या आला नाही आणि बकरी बाहेर निघायला तयार होईना. वाघ दिसताच भोंगा वाजवणाऱ्या हुशार कॅमेऱ्याने दोरीवरचं पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण पाहिलं आणि अख्खं गाव दुपारभर घरात कोंडून बसलं. या सगळ्या खऱ्या.

"आता तू रिटायर हो वं बाई," दादा म्हणाला. "खोटं बोलाले माणसं लागत नाई आता. मशीन बोलून राहिली."

त्याने फोनमधल्या त्या मशीनकडून एक खोटी बातमी रचूनही घेतली आणि मला वाचून दाखवली.

"कशी हाय?"

"नीटनेटकी."

"बाबाले झोप लागली असती," तो म्हणाला.

हिवाळ्यात त्याच्या पोटात दुखू लागलं. माझ्या घराजवळच्या दवाखान्यात त्याला ठेवलं. मी रोज सकाळी पेपर घेऊन जायची. एके दिवशी डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावलं. आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, दुखू देऊ नका, एवढंच ते म्हणाले. माझ्याकडे पाहत म्हणाले. शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी सांगणं सोपं जात असावं.

वहिनीने माझा हात धरला. "ताई, त्याइले सांगू नका. जेवण सोडून देतीन."

आत गेले तर दादा उशीला टेकून बसला होता. "काय म्हणे डॉक्टर? काहून तोंड असं करून राहिली?"

मी पेपर उघडला. "तीन बातम्या आहेत. एका कचेरीत माकड साहेबांच्या खुर्चीवर जाऊन बसलं. बाहेरचे लोक कागद घेऊन रांगेत तसेच उभे."

"बरं."

"फोनवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला घेणाऱ्या एका म्हाताऱ्याला मशीनने मयत ठरवलं. त्याने तक्रार केली, तर मशीनने कुटुंबाच्या दुःखात सहभागी असल्याचं कळवलं."

दादा हसला. हसताना पोट धरलं.

"तिसरी?"

"तुझा रिपोर्ट चांगला आला. उद्या सुटी देतात. गोळ्यांनी बरं वाटेल."

वहिनी स्टीलचा डबा पुसत होती, ती पुसतच राहिली. दादाने माझ्याकडे पाहिलं.

"माकडाचं खरं हाय," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचंबी खरं हाय. मशीनले काय कळते." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "खिचडी हाय का वं? दे थोडीशी."

तो सावकाश जेवला. घास गिळताना डोळे मिटायचा. डबा परत देऊन म्हणाला, "आता माही पाळी. नरखेडकडे संत्रा तोडाले येऊन राहिला. मी हिंडाफिराले लागलो का आपण तिघं एस.टी.नं जाऊ. झाडाखाली बसून खाऊ."

"बाकीच्या दोन सांग ना."

"एकच हाय."

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. एक शब्द म्हणायचा होता. तो मला लहानपणापासून येत होता.

"जाऊ," मी म्हटलं.

आमचा खेळ वहिनीला कधीच कळला नव्हता. तिने पदराने डोळे टिपले आणि अगदी मनापासून विचारलं, "मंग पिशवी कोणती घेऊ?"

"मोठी घे," दादा म्हणाला.