दहावी सही

फ्लेक्स दिसला की अण्णा मान वर करून तो नीट बघत आणि विचारत, “मास्तर, ह्येला पैसं कुणाचं?” वाढदिवसाचा असो नाहीतर निवडणुकीचा, प्रश्न तोच. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल; लोक त्याला बघून रस्ता बदलतात. मला ती सोय नव्हती. सीमाभागातल्या वडगावात आमची भिंत एक होती. पलीकडे त्यांचे दोन माग खडखडायचे, अलीकडे मी नागरिकशास्त्राच्या वह्या तपासायचो.

अण्णांचं म्हणणं साधं होतं. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला प्रचाराचा खर्च सरकारी तिजोरीतून मिळावा, सगळ्यांना सारखा. “शेठच्या पैशानं आला तर शेठचं ऐकणार. आपल्या पैशानं आला तर आपलं ऐकंल की न्हाय?” मी त्यातल्या अडचणी समजावून सांगायचो. ते शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा तेच म्हणत.

एका निवडणुकीत त्यांना साड्यांची मोठी ऑर्डर आली, मतदारांना वाटायच्या साड्यांची. अण्णांनी नको म्हटलं. माग बंद राहिले आणि पलीकडची ती शांतता मला वह्या तपासू देईना. त्याच आठवड्यात ते म्हणाले, “मास्तर, मी उभा ऱ्हातो. निवडून यायला न्हाय. एकदा मशिनवर नाव आलं की लोक इचारतील तरी, ह्यो का उभा ऱ्हायलाय.”

अपक्षाच्या अर्जावर दहा मतदारांच्या सह्या लागतात. नऊ विणकरांनी केल्या. दहावी मी केली, फाउंटन पेनाने, खाली रेघ ओढून. मतदारयादीतला क्रमांकही न बघता लिहिला, पाठच होता. जाहीरनामाही मीच लिहिला. तो इतका भारदस्त झाला, की वाचून अण्णांनी विचारलं, “ह्येच्यात माझं बोलणं कुठं हाय?”

छाननीच्या दिवशी निवडणूक कचेरीतल्या साहेबांनी कन्नडमध्ये सांगितलं, दहावा माणूस या मतदारसंघात मतदारच नाही. त्या क्रमांकावर कुणी बाई आहेत.

खरं होतं. मला पाठ होता तो क्रमांक कडोलीचा, माझ्या गावचा. वडगावात येऊन वीस वर्षं झाली तरी मी नाव हलवलं नव्हतं. दर निवडणुकीला कुठल्यातरी उमेदवाराची गाडी मला न्यायला दारात यायची आणि मत टाकल्यावर शेतात मटणाचं जेवण असायचं. नागरिकशास्त्राच्या मास्तराने रश्श्यासाठी मत गावात ठेवलं होतं. अर्ज बाद झाला.

बाहेर मला मान वर करवेना. अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मास्तर. चहा घेऊ.” टपरीवर त्यांनी दोन घोट घेतले आणि हसून हळूच विचारलं, “मास्तर, मटणाला पैसं कुणाचं?”

त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, तेच मला जास्त लागलं.

पुढच्या निवडणुकीआधी अण्णा गेले. गाडी मात्र वेळेवर आली. ड्रायव्हर म्हणाला, “चला की मास्तर, जेवान तयार हाय.” मी म्हटलं, “माझं मत आता हितंच हाय.” आणि चालत आमच्या गल्लीच्या शाळेत गेलो.

मशिनपुढे उभा राहून मी सगळी नावं वरून खालपर्यंत वाचली. अण्णांचं नाव तिथे नसणार हे मला ठाऊक होतं. तरी पुन्हा एकदा वाचली.

“मास्तर,” पलीकडून अधिकाऱ्यांनी हाक मारली, “झालं न्हाय काय अजून?”