पडायला शिकलेले दाजी

आपला खेळ सोडून बाकीचे यच्चयावत खेळ खेळणारा खेळाडू मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे दाजी, थोरल्या ताईचे यजमान. दाजी पेठेच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. चाळिशीला टेकलेले असताना एका सामन्यात त्यांनी उजवीकडे झेप घेतली आणि खांदा निखळला. वर्षभर फुटबॉल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. "बाकीच्या खेळांचं काय बोलला न्हाईसा न्हवं?" दाजींनी विचारलं, आणि बेसावध डॉक्टर नाही म्हणाले. बाहेर आल्यावर दाजी मला म्हणाले, "पावणं, एकदा तरी तीच झेप परत घ्याची हाय. न्हाईतर जन्मभर वाटंल, भिऊन खेळ सोडला."

मग जे सुरू झालं ते पाहून मी थक्क झालो. खांदा हलू लागताच ते पोहायला गेले, तेही पहिली-दुसरीतल्या पोरांच्या रांगेत, फळी धरून. नजर तयार व्हावी म्हणून दोन निवृत्त मास्तरांशी बॅडमिंटन खेळून रोज हरू लागले. पाय हलके व्हावेत म्हणून शाळेच्या मैदानावर आठवीच्या मुलींबरोबर खो-खो. पहिल्याच दिवशी एका मुलीने त्यांना सुनावलं, "काका, पळणारीचे पाय नका बघू, खांदा बघा की." हे वाक्य त्यांनी घरी येऊन ताईला गुरुमंत्रासारखं ऐकवलं. शेवटी तालीम गाठली. वस्तादांनी कुस्ती शिकवलीच नाही, तीन महिने नुसतं पडायला लावलं. दाजी मातीत पडत, घरी गादीवर पडत, बोलता बोलता मध्येच पडत. ताई मान वर न करता म्हणायची, "कप खाली ठेवून मग पडा."

वर्ष सरलं, आणि संघाने मानाखातर त्यांना राखीव खेळाडू म्हणून घेतलं. उपांत्य सामना टायब्रेकरवर गेला, तरणा गोलकीपर लंगडू लागला आणि शेवटच्या फटक्याला दाजी उभे राहिले. त्यांनी समोरच्याचा खांदा बघितला, बरोबर ओळखलं आणि उजवीकडे झेपावले. मी डोळे मिटले. चेंडू बोटभर अंतरावरून जाळीत गेला होता.

आख्खी पेठ डोकं धरून बसली. दाजी मात्र उठले, उजवा हात एकदा गोल फिरवला, परत फिरवला, आणि भरल्या मैदानातून ताईकडे बघून ओरडले, "जाग्यावर हाय गं!" ताईने पदरात तोंड लपवलं. शेजारचा एकजण त्यांना शिव्या घालत होता. एरवी असल्या वेळी मी नातं लपवतो. त्या दिवशी म्हणालो, "आमचं दाजी हायत ते."

त्यानंतर ते गोलमध्ये उभे राहिले नाहीत. हातमोजे दारामागच्या खुंटीला आहेत. सकाळी खो-खोला मात्र अजून जातात, मुली वाट बघतात म्हणे. मी पडायच्या भीतीने साधी सायकल शिकलो नाही. हल्ली तालमीवरून जाताना दारात जरा थांबतो, आतली माती बघतो आणि घरी येतो.