सांबार कुठंय?

एकोणीसशे साठच्या सुमारास लग्न होऊन मी नागपूरहून बेंगळुरात, बसवनगुडीला आले. मान खाली घालून ऐकायची सवय मला कधीच नव्हती.

पहिल्याच जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांना सांबार वाढ." आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी प्रत्येकाच्या भातावर चिमूटभर कोथिंबीर वाढली. चिंचेच्या आंबट डाळीचं पातेलं तसंच झाकलेलं राहिलं. नणंदा हसून हसून लोळल्या.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सांबारवडी केली. तीन जुड्या कोथिंबीर, खसखस आणि खोबरं बेसनाच्या पारीत भरून खरपूस तळलं. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. त्यांनी रिकामी वाटी पुढे केली. "वडी आली, सांबार कुठंय?"

"आत आहे, अण्णा," मी म्हटलं. "वाटी बाजूला ठेवा."